भाडं थकलं तर सक्षम प्राधिकारी किती कामाचा? कलम २४ च्या रस्त्याचं परीक्षण

भाडेकरूने चार महिने भाडं दिलेलं नाही, फोन उचलत नाही, घर सोडायचं नाव काढत नाही. अशा घरमालकाला सोसायटीच्या गेटवरच सल्ला मिळतो, "कोर्टाच्या फंदात पडू नका, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा, तिथे लवकर ताबा मिळतो." सल्ला अर्धा खरा आहे. उरलेला अर्धा माहीत नसला की अर्ज दाखल होतो, वकिलाची फी जाते आणि मग कळतं की आपलं प्रकरण या दारातून आत जाणारं नव्हतंच. म्हणून ही सेवा नक्की काय देते, काय देत नाही, आणि तिची खरी तयारी कधी करायची असते, ते इथे मांडतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. मुंबईचा १९४७ चा कायदा, विदर्भातला १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यातला १९५४ चा हैदराबाद कायदा, या तिन्हींच्या जागी तो आला. त्यातलं आठवं प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यासाठी, म्हणजे ताब्याचे असे अर्ज ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यासाठी, राखलेलं आहे. मुंबईतल्या घरांसाठी कोकण विभागाचा सक्षम प्राधिकारी, पुण्यातल्या घरांसाठी पुणे विभागाचा. दालनात कामकाज कोर्टासारखंच चालतं; वकील असतात, तारखा पडतात, समन्स निघतात. फरक असा, की इथे दिवाणी दाव्यासारखे मुद्दे काढून वर्षानुवर्षं पुरावा चालत नाही. घर राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, दिलं असेल तर प्राधिकारी मुळात एकच प्रश्न विचारतो: लायसन्सची मुदत संपली का?

भाडं थकलंय का, हा प्रश्न तो विचारत नाही. या सेवेची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत.

कलम २४ चा मजकूर तसा छोटा आहे. मुदत संपल्यावर लायसन्सीने, म्हणजे लायसन्सवर घर घेतलेल्याने, ताबा द्यायचा. दिला नाही तर मालकाने अर्ज करायचा. मुदत संपल्याची खात्री पटली की प्राधिकाऱ्याने घर रिकामं करायचा आदेश द्यायचा. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. म्हणजे महिना २५,००० रुपयांवर दिलेल्या घराचा करार ३१ मार्चला संपला आणि माणूस पुढे पाच महिने बसून राहिला, तर त्या पाच महिन्यांचे महिन्याला ५०,००० प्रमाणे अडीच लाख. पण ३१ मार्चच्या आधी थकलेले चार महिने या दुपटीत येत नाहीत. ती जुनी थकबाकी डिपॉझिटमधून वळती करायची, नाहीतर दिवाणी दाव्याने वसूल करायची, आणि तो दावा प्रत्येक महिन्याचं भाडं देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत लावायचा. ताबा मिळाल्याच्या आनंदात ही तीन वर्षं कधी सरली ते कळत नाही.

या कलमाचं खरं शस्त्र मात्र त्याच्या स्पष्टीकरणात दडलेलं आहे. लेखी लायसन्स करार हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानायचा, असं तिथे म्हटलंय. 'निर्णायक' या शब्दाला कायद्यात वजन आहे. "कागदावर लायसन्स असलं तरी खरं तर मी भाडेकरूच आहे", "डिपॉझिट म्हणून दिलेले पैसे म्हणजे घराचा बयाणा होता", "तोंडी मुदतवाढ झाली होती", असे बचाव दिवाणी कोर्टात दोन-तीन वर्षं सहज खातात. इथे ते करारातल्या तारखेपुढे लंगडे पडतात. शिवाय करारात ज्याचं नाव नाही अशा तिसऱ्याच माणसाने "मी इथला पोटभाडेकरू" म्हणून उभं राहायचं ठरवलं, तर त्याचा दावा प्राधिकाऱ्याने ऐकायचाच नाही, हेही कलमातच आहे.

आता हा रस्ता कोणाला बंद आहे ते. दुकान, ऑफिस, गोदाम लायसन्सवर दिलं असेल तर कलम २४ लागू नाही. ते फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला. पागडीच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूने ती खोली परस्पर दुसऱ्याला लायसन्सवर दिली, तर तोही इथे 'मालक' म्हणून येऊ शकत नाही. स्पष्टीकरणात भाडेकरू आणि पोटभाडेकरूला सरळ वगळलंय. मालक वारला असेल तर वारस मात्र अर्ज करू शकतो. आणि ज्याच्याशी करार लायसन्सचा नाही, भाडेपट्ट्याचा आहे, किंवा जो तीस वर्षांपासून वाड्यात पावतीवर राहतोय, त्याच्यासाठी ही खिडकीच नाही.

त्या जुन्या भाडेकरूचा रस्ता वेगळा आणि बराच लांबचा, म्हणून तुलनेपुरता. कलम १५ नुसार आधी थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, त्यानंतरच दावा. मुंबईत लघुवाद न्यायालयात. इतर ठिकाणी जिथे लघुवाद न्यायालय आहे तिथे, नाहीतर दिवाणी न्यायाधीशाकडे. समन्स बजावल्यावर भाडेकरूला आणखी ९० दिवस मिळतात. त्या काळात त्याने सगळी थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरली, दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्टाने सांगितलेला खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूमनामा होतच नाही. म्हणजे पहिले १८० दिवस निव्वळ संधी देण्यात जातात. त्यावर अपील: मुंबईत लघुवाद न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, इतरत्र जिल्हा न्यायालयात. पागडीच्या खोलीचं भाडं इतकं किरकोळ असतं की वकील मिळाला की पहिल्याच आठवड्यात सगळं भरून टाकतो. निव्वळ थकबाकीवर पागडीचा भाडेकरू बाहेर निघेल या आशेवर राहू नये.

सक्षम प्राधिकाऱ्याकडे या ९० अधिक ९० ला जागा नाही. इथे आधी नोटीस देण्याची अटही कलमात नाही. तरी द्यावी. एक तर माणूस कधी कधी वकिलाचं लेटरहेड बघूनच निघतो. आणि दुसरं, मुदत संपल्यानंतर आपण गप्प बसलो नव्हतो, हे कागदावर येतं.

अर्ज दाखल झाल्यावर कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या नमुन्यात समन्स निघतं. ते बजावल्यापासून ३० दिवसांच्या आत लायसन्सीने शपथपत्र करून लढण्याची परवानगी मागायची. दिवाणी दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्याचा हक्क असतो, इथे आधी परवानगी. शपथपत्रात असं काही तरी असावं लागतं की जे खरं निघालं तर मालकाला आदेश मिळू नये. तीस दिवसांत शपथपत्र आलं नाही, किंवा परवानगी नाकारली गेली, तर अर्जातलं म्हणणं कबूल धरलं जातं आणि आदेश होतो. कागदावर ही पद्धत इतकी धारदार आहे की वाचून वाटतं दोन महिन्यांत काम फत्ते.

प्रत्यक्षात सगळी गंमत 'बजावल्यापासून' या शब्दात आहे. समन्स लागल्याशिवाय तीस दिवस सुरूच होत नाहीत. दार बंद, शेजारी म्हणतात गावी गेलेत, वॉचमन सही करत नाही. नोंदणीकृत डाकेने पाठवलेलं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर ते बजावलं असं धरता येतं. म्हणून परत आलेलं पाकीट फोडू नका, तसंच्या तसं दाखल करा. 'पत्त्यावर नाही' असा शेरा आला तर मात्र पुन्हा प्रयत्न, मग दारावर चिकटवणं, वर्तमानपत्रात जाहीर समन्स. दैनिकांच्या शेवटच्या पानांवर भाडे नियंत्रण न्यायालयाच्या ज्या छोट्या जाहिराती दिसतात त्या याच. या एका टप्प्यावर जितके महिने जातात तितके बाकीच्या सगळ्या टप्प्यांवर मिळून जात नाहीत. यावरचा उपाय करार करतानाच करायचा असतो: लायसन्सीचा गावचा कायमचा पत्ता, नोकरीच्या ठिकाणचा पत्ता, ई-मेल, आणि 'या कोणत्याही पत्त्यावर पाठवलेली नोटीस पोचली असं मानलं जाईल' असं कलम.

आणि म्हणूनच या सेवेचं परीक्षण तिच्या दालनापाशी सुरू होत नाही. ते सुरू होतं नोंदणी आणि मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन लिव्ह अँड लायसन्स नोंदणीपाशी.

ती नोंदणी हा प्रकार, खरं सांगायचं तर, सरकारी सेवांमध्ये वरच्या फळीतला. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाता घरमालक, लायसन्सी आणि दोन साक्षीदार यांची आधारवरून अंगठ्याने पडताळणी, वेबकॅमवर फोटो, मुद्रांक आणि फी ऑनलाइन, आणि मंजुरीनंतर इंडेक्स दोनसह (नोंदणीचा सारांश-उतारा) करार हातात. खर्चही अवाजवी नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, पण ते फक्त भाड्यावर नसतं. एकूण भाडं, त्यात परत न मिळणारी ठेव असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर. ११ महिने, भाडं २५,०००, डिपॉझिट एक लाख असेल तर २,७५,००० अधिक सुमारे ९,१६७, म्हणजे २,८४,१६७ वर ०.२५ टक्के, सातशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. हाताळणी शुल्क आणि घरी मशीन घेऊन येणाऱ्या एजंटचे पैसे वेगळे. महिन्याच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्यात पुढचं भांडण निम्मं जिंकून होतं.

तरी लोक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळे होतात, आणि कारण सांगतात "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही". हा गैरसमज इतर राज्यांतून आलेला आहे. महाराष्ट्रात कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं. वर मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थकबाकीदाराविरुद्ध तक्रार करायला गेलेल्या मालकाने आधी स्वतःचा गुन्हा दाखवायचा, अशी ही परिस्थिती. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली म्हणजे नोंदणी झाली, हा दुसरा गैरसमज. ती माहिती सुरक्षेसाठी असते, ताब्याशी तिचा संबंध नाही.

ऑनलाइन नोंदणीत चुका होतात त्या मात्र एजंटच्या घाईमुळे. आधीच्या गिऱ्हाईकाचा मसुदा उघडायचा, नावं बदलायची, पाठवायचा. मग मुदतीची सुरुवात एका तारखेची आणि कलमात महिने मोजले तर शेवट भलत्याच तारखेला, असा करार तयार होतो. ज्या सेवेचा सगळा डोलारा 'मुदत संपली' या एका वाक्यावर उभा आहे, तिथे तारखेत घोळ म्हणजे पायाच कच्चा. अंगठा लावण्याआधी मसुद्यात चार गोष्टी बघाव्यात: सुरू आणि संपण्याची तारीख दोन्ही अंकी आणि अक्षरी, फ्लॅट नंबर आणि विंग वीजबिलाशी जुळते का, वापर 'निवासी' लिहिलाय का, आणि राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची नावं.

आता सगळ्यात नाजूक जागा. करार अकरा महिन्यांचा, आणि भाडं थकलं चौथ्या महिन्यात. मुदत संपायला सात महिने बाकी. कलमातला शब्द 'मुदत संपल्यावर' असा आहे. इथे काही मालक करारातल्या कलमावर बोट ठेवतात: सलग दोन महिने भाडं न दिल्यास लेखी नोटिशीने लायसन्स रद्द होईल आणि मुदत त्या दिवशी संपली असं मानलं जाईल. असं कलम नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही. असेल तर बाजू उभी राहते, पण समोरचा वकील 'ही मुदत संपणं नाही, मध्येच रद्द करणं आहे' असा वाद घालणार हे धरूनच चला, आणि लढण्याची परवानगी मिळण्यासाठी त्याला तेवढं पुरू शकतं. आमचा कल असा: सात महिने बाकी असतील तर रद्द करण्याची नोटीस देऊन अर्ज करायला हरकत नाही, दोन-तीन महिनेच उरले असतील तर तारीख उलटू द्या आणि दुसऱ्या दिवशी निर्विवाद अर्ज दाखल करा. वादग्रस्त अर्ज लवकर टाकून जो वेळ वाचतो तो परवानगीच्या सुनावणीत परत जातो.

याच कारणाने छत्तीस किंवा साठ महिन्यांचे करार दिसायला सोयीचे, पण थकबाकीदार निघाला तर तोट्याचे. दरवर्षी नोंदणीचा खर्च नको म्हणून मुदत लांबवली की हे शस्त्रही तितकंच लांब जातं. अनोळखी लायसन्सीला अकरा किंवा बारा महिनेच द्यावेत. डिपॉझिटचा हिशोबही याच नजरेने करावा. दोन महिन्यांच्या डिपॉझिटवर दिलेल्या घरात माणूस दोन महिने थकवतो तेव्हाच ते संपलेलं असतं. पुढचं सगळं उधारीवर.

मुदत संपल्यानंतर सर्वात जास्त बिघडतं ते यूपीआयमुळे. अर्ज दाखल झालेला असतो आणि लायसन्सी अचानक एका महिन्याचं भाडं पाठवतो, शेरा 'रेंट एप्रिल'. मालक खूश होतो. मग शपथपत्रात येतं की मालकाने भाडं स्वीकारलं, म्हणजे मुदत वाढवली. करार निर्णायक पुरावा असल्याने हा बचाव टिकणं अवघड, पण तारखा खातो. पैसे आले तर त्याच दिवशी ई-मेल किंवा पत्र पाठवा: ही रक्कम मुदत संपल्यानंतरच्या नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून, जमा केली आहे, नवं लायसन्स दिलेलं नाही. भाड्याची पावती देऊ नका. समझोत्याची बोलणी व्हॉट्सॲपवर करताना "ठीक आहे, अजून दोन महिने राहा" असं सहज लिहून जातं, तेही टाळा.

अर्जासोबत नोंदणीकृत करार, इंडेक्स दोन, मालकी दाखवणारा कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट, खरेदीखत किंवा मालमत्ता कराची पावती, नोटीस आणि तिची पोच, आणि दुप्पट भरपाईचा महिनावार तक्ता लावावा. मालक परदेशात असेल तर नातेवाइकाच्या नावे नीट मुखत्यारपत्र लागतं. त्यात 'भाडे वसूल करणे' एवढंच लिहिलेलं असतं आणि अर्ज करण्याचा, शपथपत्र करण्याचा, ताबा घेण्याचा अधिकार राहून जातो, असं वारंवार दिसतं.

आदेशानंतर अपील नाही, ही या सेवेची आणखी एक जमेची बाजू. पुनरीक्षण अर्ज, म्हणजे आदेश पुन्हा तपासण्याची मागणी, मात्र महसूल विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करता येतो, आणि तिथून उच्च न्यायालयाचं दार कोणालाच बंद नसतं. पुनरीक्षणात पहिली मागणी स्थगितीची असते. त्या सुनावणीला मालकाच्या वकिलाने हजर राहून एकच आग्रह धरावा: स्थगिती द्यायची तर दुप्पट दराची रक्कम आधी जमा करायला लावा. निव्वळ वेळ काढायला आलेला माणूस इथे गळतो.

आदेश अंतिम झाल्यावर ३० दिवसांत घर सोडलं नाही, तर कलम ४५ नुसार प्राधिकारी किंवा त्याने नेमलेला अधिकारी ताबा घेऊ शकतो, गरज पडली तर बळाचा वापर करून. हा अधिकार त्यांचा, मालकाचा नाही. आदेश हातात आहे म्हणून स्वतः कुलूप तोडलं, वीज तोडली, नळ बंद केला, तर जिंकलेलं प्रकरण उलटतं. बेकायदा बाहेर काढलेला माणूस विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाचं हा प्रश्नच विचारला जात नाही. पोलीस ठाण्यात जाऊन "त्याला बाहेर काढा" म्हणण्याचाही उपयोग नाही. ते दिवाणी प्रकरण म्हणून हात वर करतात आणि ते बरोबर असतं. ताब्याच्या दिवशी बंदोबस्त लागला तर तो प्राधिकाऱ्याच्या पत्राने मागवला जातो.

गुण द्यायचेच तर: ऑनलाइन नोंदणीला पाचपैकी साडेचार, अर्धा गुण एजंटांच्या मसुद्यांसाठी कापला. मुदत संपलेल्या निवासी लायसन्ससाठी सक्षम प्राधिकाऱ्याला चार. मध्येच थकवणाऱ्यासाठी दोन, आणि थकबाकीच्या वसुलीसाठी शून्य, कारण ते त्याचं कामच नाही.

ताबा घेताना घाई करू नका. दोन पंच, खोलीवार फोटो, वीजमीटर आणि गॅसमीटरचं रीडिंग, मागे राहिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी. जुनं कपाट आणि दोन गाद्या उरल्या तरी त्या फेकू नका, पंचनाम्यात लिहून बाजूला ठेवा आणि त्याच्या गावच्या पत्त्यावर सामान घेऊन जाण्याचं पत्र टाका. त्या कपाटात सोनं होतं असा आरोप करायला नंतर काही लागत नाही. नवं कुलूप अधिकाऱ्यांसमोर लावा, आणि पंचनाम्याची प्रत हातात घेतल्याशिवाय त्यांना जिना उतरू देऊ नका.